स्वतःच स्वतःचा पंच

टेनिस मंडळाच्या साध्या सामन्यास पुष्कळदा पंच नसतो. आपल्या बाजूस पडलेला चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे त्या बाजूच्या खेळाडूनेच सांगावयाचे असते. आणि शंका असेल तर निर्णय प्रतिपक्षाच्या लाभाचा द्यावयाचा, असा नियम आहे.

आरोग्याच्या बाबतीतही सभासद स्वतःच स्वतःचा पंच होय. अंगात कसर आहे, हे त्याच्यावाचून कोण जाणणार? २०२० च्या करोना साथीने हा धडा सर्वांस दिला. ताप, खोकला वा जुलाब असता मैदानावर येऊ नये. पाण्याचा पेला व रुमाल स्वतःचा वापरावा. उन्हात चक्कर आल्यास खेळ तत्काळ थांबवून सावलीत बसावे व सोबत्यास सांगावे.

आपल्या शाळांतून टेनिस नसेल, खो-खो व लंगडी आहेत; धडा तोच. मूल आजार लपविते, ते बहुधा संघातील जागा जाईल या भीतीने. म्हणून शिक्षकांनी आधीच वचन द्यावे की, खरे सांगणाऱ्याची जागा राखली जाईल. आणि ते वचन पाळावे.

वर्गात विचारावे : शंकेचा चेंडू प्रतिपक्षास का द्यावा? ताप लपविल्याने कोणाचे नुकसान होते?