टंचाईच्या काळातील कोठीघर

प्रश्न : बाजारातील आवक अनिश्चित असताना घरचा शिधा कसा पुरवावा? – एक गृहिणी, सातारा

उत्तर : भयापोटी केलेला अवास्तव साठा बहुधा किडीच्याच मुखी जातो, म्हणून 1943 साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा जी शिस्त सरकारी हुकुमाने घरोघरी आली, तीच आपण स्वेच्छेने अंगीकारून, प्रथम कोठीतील जिन्नसांची फर्द करावी, माणशी रोजचे माप ठरवावे, जुने धान्य आधी काढावे आणि नवा गहू कडकडीत वाळवून, एरंडेल चोळून भरावा. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून फोडणीस टाकावा. भात मात्र लवकर निववून शीतकपाटात ठेवावा, कारण उबेत राहिलेल्या भातात जंतूंनी निर्माण केलेले विष तो पुन्हा तापवूनही नष्ट होईलच असे नाही.