दूरचा बर्फ आणि आपला शेजारी



उपासना वर्षाच्या अखेरच्या रविवारी आणि आगमन काळाच्या आरंभी समुद्राची गर्जना, आकाशातील चिन्हे यांविषयीचे शुभवर्तमान आपण ऐकतो. त्याच सुमारास वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर एखादी बातमी येते की दक्षिण ध्रुवाकडे अर्ध्या जिल्ह्याएवढा बर्फाचा तुकडा तुटून समुद्रात गेला. मग मिस्सा संपल्यावर कोणी विचारते, "हा जगाचा शेवट तर नव्हे?" दुसरे कोणी म्हणते, "तुटेना का! भडगावाला त्याचे काय? आपल्या गिरणेत कुठे बर्फाचे पाणी येते?" ही दोन्ही मते नीट तपासून पाहावीत, एवढाच आजच्या पाठाचा हेतू आहे.

१. हिमनदी आणि हिमनग म्हणजे काय?

अतिथंड प्रदेशात पडलेला बर्फ वितळत नाही. त्यावर दरवर्षी नवा थर बसतो. खालचे थर दाबले जाऊन दगडासारखे घट्ट होतात. हा साठा फार जड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे अगदी हळूहळू सरकू लागतो. हीच हिमनदी. दक्षिण ध्रुवावरील अंटार्क्टिका खंडावर अशा बर्फाची जाडी सरासरी सुमारे दोन किलोमीटर आहे.

हा बर्फ किनाऱ्यापर्यंत आला की तेथेच थांबत नाही. घराच्या भिंतीतून छज्जा बाहेर यावा तसा तो समुद्रावर पुढे येतो आणि पाण्यावर तरंगत राहतो. या छज्जाच्या कडेला भेगा पडतात व मोठमोठे तुकडे सुटतात. तोच हिमनग. त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो, आणि समुद्रात तरंगत असला तरी तो गोड्या पाण्याचा असतो.

मार्च २००० मध्ये, म्हणजे ख्रिस्तजयंतीच्या महोत्सवी वर्षात, अंटार्क्टिकाच्या रॉस भागातून एक हिमनग सुटला. शास्त्रज्ञांनी त्याला बी-१५ असे नाव दिले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर होते. आपला सारा जळगाव जिल्हा ११,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, यावरून कल्पना करावी. जुलै २०१७ मध्ये लार्सन-सी नावाच्या छज्जातून सुटलेला ए-६८ हा हिमनग सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या जिल्ह्याएवढा होता. तो वाहत वाहत तुटत गेला आणि २०२१ साली संपला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आतल्या बाजूला बर्फ पडत राहतो आणि कडेचा बर्फ तुटत राहतो. हा निसर्गाचा जुना जमाखर्च आहे. बी-१५ किंवा ए-६८ सुटला तो या नेहमीच्या रीतीने, असेच बहुतेक शास्त्रज्ञांनी सांगितले. पिकले पान गळाले म्हणून झाड मेले असे आपण म्हणत नाही. त्याचप्रमाणे हिमनग तुटल्याची प्रत्येक बातमी ही संकटाची बातमी नसते.

२. मग चिंता कशाची?

चिंता जमाखर्च बिघडल्याची आहे. २००२ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत लार्सन-बी नावाच्या छज्जाचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग महिनाभरातच भुगा होऊन गेला. त्याची जाडी दोनशे मीटरच्या आसपास होती आणि हजारो वर्षे तो जागेवर टिकून होता. हे पिकले पान नव्हते.

ते कसे घडले? वैशाखात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस आला की माती फुगते आणि भेगा मिटतात. बर्फात याच्या अगदी उलट होते. हवा गरम झाल्याने बर्फाच्या पाठीवर पाण्याची डबकी साचतात. ते पाणी भेगेत उतरते. पाणी बर्फापेक्षा जड असल्याने लाकूड फोडताना पाचर ठोकावी तसे ते भेग खाली खाली फाडत नेते. अशा असंख्य भेगा आरपार गेल्या आणि छज्जा कोसळला.

तरंगणारा बर्फ तुटल्याने वा वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण त्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. परंतु हा छज्जा मागच्या हिमनद्यांना दाराच्या अडसराप्रमाणे रोखून धरतो. लार्सन-बीचा अडसर निघाल्यावर मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. जमिनीवरचा हा बर्फ समुद्रात उतरला की पाणी चढते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. दोन सारखे पेले घ्या. पहिल्यात पाणी आणि बर्फाचे दोन खडे टाका. दुसऱ्यात एक दगड असा ठेवा की त्याचे डोके पाण्याच्या वर राहील, आणि त्या डोक्यावर तेवढेच दोन खडे ठेवा. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यातील पाणी खुणेवरच राहील, दुसऱ्यातले वर चढेल. तरंगता बर्फ आणि जमिनीवरचा बर्फ यांतील फरक मुले आपणहून सांगतील.

सध्या शास्त्रज्ञांची नजर विशेषतः अंटार्क्टिकातील थ्वेट्स या हिमनदीवर आहे. ती आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढी मोठी आहे. ती संपूर्ण समुद्रात गेली तर जगभर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. हे उद्या-परवा होणारे नाही, त्याला पुष्कळ काळ लागेल. पण १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढलाच आहे, आणि चढण्याचा वेग वाढत आहे.

३. आपल्या माणसांनी तेथे काय केले?

हा प्रदेश आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. आजही या मोहिमांचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते.

त्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे उभारले गेले. ते तरंगत्या बर्फावर होते. काही वर्षांतच ते साचत जाणाऱ्या बर्फाखाली गाडले जाऊ लागले आणि सोडून द्यावे लागले. पुढचे 'मैत्री' हे ठाणे १९८९ साली उघड्या खडकावर बांधले. प्रभू येशूने सांगितलेला खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपल्याला पाठ आहे. बर्फ दगडासारखा दिसतो, पण तो खडक नव्हे. आज जसे आहे तसेच कायम राहील असे धरून चालणे म्हणजे बर्फावर घर बांधणे.

४. भडगावाचा काय संबंध?

गिरणा सह्याद्रीत उगम पावते. ती पावसाची नदी आहे. तिला हिमनदीचे पाणी येत नाही हे अगदी खरे. संबंध वेगळ्या वाटेने येतो.

आपल्या जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे वीज केंद्र आहे. तेथे कोळसा जाळून वीज होते. आपल्या घरातला पंखा आणि शेतातला पंप चालवणारी वीज आजही बरीचशी कोळशाचीच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू तालुक्याची किंवा देशाची हद्द ओळखत नाही. तो साऱ्या पृथ्वीभोवती मिसळतो, उष्णता धरून ठेवतो आणि त्यातला पुष्कळसा भाग शेकडो वर्षे राहतो.

याचा पुरावा त्या बर्फातच आहे. अंटार्क्टिकाच्या खोल बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. ते तपासून आठ लाख वर्षांचा हिशेब मिळाला. एवढ्या काळात हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३०० हून अधिक भाग कधीच नव्हते. आता ते ४२० च्याही पुढे गेले आहेत. जेथे कारखाना नाही, मोटार नाही, त्या दक्षिण ध्रुवावरच्या हवेनेही २०१६ साली ४०० चा आकडा ओलांडला. आपल्या चुलीचा, गाडीचा आणि वीज केंद्राचा धूर तेथपर्यंत पोहोचतो, मग तेथले पाणी आपल्या माणसांपर्यंत पोहोचणार नाही असे कसे म्हणावे?

मुंबई, वसई, कोकण, गोवा येथे आपले नातेवाईक आहेत. आपली मुले तेथे शिकतात, काम करतात. मुंबईत भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की गटारांचे पाणी समुद्रात जात नाही, ते वस्तीत तुंबते. समुद्र वीतभर जरी चढला तरी हे तुंबणे वाढते, आणि ते आधी सखल भागातल्या झोपड्यांत शिरते. ज्या मच्छीमाराने सर्वांत कमी इंधन जाळले, त्याचे घर सर्वांत आधी पाण्यात जाते. म्हणून हा प्रश्न विज्ञानाचा आहे तसा न्यायाचाही आहे.

५. पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा काय सांगते?

पहिले मत होते भीतीचे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात परमेश्वराने नोहाशी करार केला की जलप्रलयाने सारी पृथ्वी पुन्हा नष्ट होणार नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू समुद्राच्या गर्जनेविषयी सांगतो, पण शिष्यांना घाबरू नका असे सांगून मस्तक वर करायला लावतो. त्या दिवसाची वेळ कोणालाच ठाऊक नाही, हेही त्यानेच सांगितले. तेव्हा हिमनगाच्या बातमीवरून जगाच्या शेवटाची तारीख काढणे ही आपली श्रद्धा नव्हे.

दुसरे मत होते बेफिकिरीचे. त्याला उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. याजक आणि लेवी वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. जखमी माणूस आपला कोणी लागत नाही, असेच त्यांना वाटले असेल.

बर्फाविषयीही शास्त्र मौन नाही. ईयोबच्या अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर बर्फाच्या जन्माविषयी प्रश्न करतो आणि ईयोबला उत्तर देता येत नाही. दानिएलच्या पुस्तकात भट्टीत टाकलेले तीन तरुण आगीत उभे राहून हिम आणि थंडीलाही देवाची स्तुती करायला बोलावतात. ज्याला देवाची स्तुती करायला बोलावले आहे, त्याची नासाडी आपण सहज करू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्याला दहा वर्षे झाल्यानिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी रोमजवळ कास्तेल गांदोल्फो येथे झालेल्या सभेत पोप लिओ चौदावे यांनी ग्रीनलंडच्या हिमसाठ्यातून सुटलेल्या, हजारो वर्षे जुन्या बर्फाच्या एका मोठ्या तुकड्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सभेत तो सर्वांसमोर वितळत होता.

टायटॅनिक जहाजाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १४ एप्रिल १९१२ हा रविवार होता. त्या दिवशी पुढे बर्फ असल्याचे अनेक संदेश जहाजाला मिळाले, तरी वेग कमी केला नाही. त्याच जहाजावर फादर थॉमस बाइल्स हे धर्मगुरू होते. सकाळी त्यांनी प्रवाशांसाठी मिस्सा अर्पण केली होती. रात्री जहाज हिमनगावर आदळल्यावर त्यांनी जीवरक्षक होडीत जागा घेतली नाही. ते शेवटपर्यंत लोकांचे पापनिवेदन ऐकत व प्रार्थना करत राहिले. वेळीच इशारा ऐकावा, आणि संकट आलेच तर शेजाऱ्याला सोडू नये, असे दोन्ही धडे या एका घटनेत आहेत.

६. आपण काय करावे?

आपल्या एका बल्बने अंटार्क्टिकाची भेग बुजणार नाही. पण आपल्या वाट्याचा धूर कमी करणे आपल्या हातात आहे.

• घरातील वडीलधाऱ्यांनी मागच्या वर्षीची आणि यंदाची वीज बिले शेजारी ठेवून युनिट किती वाढले ते पाहावे. त्यावर घरात बोलावे.

• ज्यांना शक्य आहे त्यांनी छतावरील सौर विजेसाठी २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची, तसेच शेतासाठी सौर पंपाची चौकशी करावी.

• कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून देण्याऐवजी त्यांचे खत करावे.

• जगबुडीचे संदेश मोबाईलवर पुढे पाठवू नयेत.

• १ सप्टेंबर हा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस आहे. त्या दिवशी कुटुंबाने जपमाळेचे एक दशक किनाऱ्यावरील गरिबांसाठी म्हणावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. तरंगता बर्फ तुटला तर समुद्र चढत नाही, मग शास्त्रज्ञ त्याची काळजी का करतात?
२. माझ्या वापराचा भार नकळत कोणावर पडतो?
३. भीती आणि बेफिकिरी यांपैकी मी कोठे झुकतो?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आग आणि बर्फ, नदी आणि समुद्र तूच निर्माण केलेस. आम्हांला भीतीपासून आणि कठोर मनापासून सोडव. ज्यांना आम्ही कधी पाहणार नाही, त्या किनाऱ्यावरील बांधवांनाही आमचे शेजारी मानण्याची कृपा दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.