आकडा ठरवा मे महिन्यात

दिवाळीत लेकीच्या हट्टापायी दोन फुटी काचेची टाकी घेतली. किती मासे ठेवू, असं दुकानात विचारलं. "घ्या की बारा-पंधरा, लहानच तर आहेत." सहा गोल्डफिश आणि आठ गप्पी घेऊन आलो.

हिवाळा छान गेला. मे महिन्यात लातुरात नळाचं पाणी लांबलं, घर टँकरवर आलं आणि टाकीचं पाणी बदलायचं तीन आठवडे राहून गेलं. त्यात एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. सकाळी सगळे गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होते, कल्ले लालभडक. दुपारपर्यंत चार गेले. लेक काचेला हात लावून बसून राहिली, जेवली नाही. चूक माझी होती.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ते साचलेलं नायट्रेट काढायला पाणीच बदलावं लागतं. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो.

म्हणून सांगतो, आकडा टाकी बघून ठरवू नका, मे महिन्यात घरातून किती पाणी निघेल ते बघून ठरवा. 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची टाकी 54 लिटरची. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा म्हणजे अकरा-बारा लिटर, एक घागर. 2016 साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथे ती घागर आधी मोजावी लागते.

एवढ्या टाकीत सहा गप्पी पुरे, तेही सगळे नर. मादी असली की महिन्याला पिल्लं. गप्पीला बोअरचं जड पाणी मानवतं, मराठवाड्यात हे फार मोलाचं. गोल्डफिश वीतभर वाढतो, त्याला ही टाकी नकोच. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

उरलेले दोन गोल्डफिश गोदावरीत सोड, असं कुणीतरी सुचवलं. बाहेरचा मासा नदीत सोडायचा नसतो. मी ते बादलीत घालून नांदेडला बहिणीकडे नेले. तिची टाकी चार फुटी आहे.