घराचा विमा : तुलना आणि निवड

व्यापारी मनुष्य आपल्या वखारीची जितकी चिंता वाहतो तितकी राहत्या घराची वाहत नाही, हे आपल्या समाजात पुष्कळ ठिकाणी दिसून येते. वखारीतील गोण्यांचा विमा असतो. मोटारीचा तर कायद्यानेच उतरवावा लागतो. परंतु ज्या वास्तूत कुटुंब नांदते, जिच्यासाठी अर्धे आयुष्य खर्ची पडलेले असते, ती वास्तू मात्र दैवाच्या हवाली केलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या महापुराने या निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असते ते दाखवून दिले. सबब या विषयाचा थोडा सांगोपांग विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. लाभ आणि हानी कर्माधीन आहेत, मग विमा कशाला, असे काही वडीलधारी मंडळी विचारतात. कर्मसिद्धांत मान्य असूनही आपण दाराला कडी लावतो आणि दिवा विझवून निजतो. विमा ही त्याच जातीची सावधगिरी होय. शिवाय मालमत्तेच्या विम्यात नफा नसतो. झालेले नुकसान भरून निघावे एवढाच त्याचा हेतू आहे. अनेकांनी थोडेथोडे घालावे आणि ज्याच्यावर आपत्ती कोसळेल त्याला त्यातून सावरावे, ही कल्पना आपल्या समाजाला परकी नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचे घराचे एकसारखे विमापत्र प्रचारात आले. याचे मूळ कलम सर्व कंपन्यांकडे सारखेच असते. आपल्या धंद्यात माल एका प्रतीचा असेल तरच भावाची तुलना करता येते. येथे मूळ माल एकच असल्याने भाव विचारणे सोपे झाले आहे. मात्र कंपनी त्यासोबत जी जादा कलमे जोडते ती निराळी असतात. म्हणून आधी मूळ विमापत्राचा हप्ता विचारावा, नंतर प्रत्येक जादा कलमाचा स्वतंत्र. दोन्हींची एकत्र रक्कम ऐकून स्वस्त-महाग ठरविणे म्हणजे न पाखडलेल्या गव्हाचा भाव पाखडलेल्याशी ताडून पाहण्यासारखे आहे.

या विमापत्रात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, पाण्याच्या टाक्या वा नळ फुटणे इत्यादी आपत्तींचा समावेश आहे. घर राहण्यास अयोग्य झाल्यास त्या काळातील दुसऱ्या जागेच्या भाड्याचीही मर्यादित तरतूद आहे. परंतु चोरीबाबत फार गैरसमज आहे. आग, पूर अशी आपत्ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत त्या आपत्तीमुळे झालेली चोरी तेवढी यात येते. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी निराळे कलम घ्यावे लागते. तसेच तारांचा दोष होऊन आग लागली तर आगीने झालेले नुकसान मिळते. पण केवळ विजेच्या दोषाने एखादे यंत्र स्वतःच जळून बंद पडले तर त्याची भरपाई मिळत नाही. रोकड व मोटार यांचा समावेश यात नाही.

घरमालकाने विमा रक्कम कशी ठरवावी? येथे बहुतेकांची गफलत होते. घराची बाजारातील किंमत ही जागेसह असते. जागा काही जळत नाही. म्हणून चटई क्षेत्राला आजच्या बांधकाम खर्चाच्या दराने गुणावे. समजा, क्षेत्र १,००० चौरस फूट आणि दर २,००० रुपये. तर विमा रक्कम २० लाख रुपये होते. सौदा ७० लाखांत झालेला असला तरी हप्ता २० लाखांवरच द्यावा. इमारतीबरोबर घरसामानाचा विमा घेतल्यास इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे येथे ४ लाख रुपयांचे सामान आपोआप समाविष्ट होते. ही आपोआपची मर्यादा १० लाखांची आहे. सामान याहून अधिक असल्यास यादी देऊन रक्कम वाढविता येते. दागिने, चांदीची भांडी व घरातील देव्हाऱ्यातील मौल्यवान मूर्ती यांसाठी मात्र स्वतंत्र कलम घेऊन त्यांचे मूल्य आधी ठरवून घ्यावे लागते.

कर्जाने घर घेतलेल्यांस दोन सूचना. कर्जाची रक्कम म्हणजे घराची किंमत नव्हे. बँकेने कर्जापुरताच विमा उतरविला असेल तर उरलेला भाग उघडा राहतो. दुसरे असे की, कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा हा आयुष्याचा विमा आहे. तो असला म्हणजे घराचा विमा झाला असे समजू नये. सामाईक इमारतीत सदनिका असेल तर गृहसंस्थेने इमारतीचा विमा उतरविला आहे काय, ते आधी विचारावे. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही.

भाडेकरूची गोष्ट निराळी. भिंती व छप्पर मालकाचे; त्यांचा विमा मालकाने पाहावा. पण मालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या कपाटाची, शिलाई यंत्राची किंवा पुस्तकांची भरपाई होत नाही. त्याने केवळ घरसामानाचा विमा घ्यावा; हा हप्ता इमारतीच्या मानाने अल्प असतो. नोकरी वा शिक्षणासाठी पुणे, बंगळूर येथे भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी याचा अवश्य विचार करावा. सामानाची किंमत धरताना ती वस्तू आज नवी घेण्यास काय पडेल, ते पाहावे.

आपल्या पेठांतून खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी हे ध्यानी ठेवावे की, घराच्या विम्यात व्यापाराचा माल येत नाही. तळमजल्यावरील तांदूळ, डाळ व बारदान यांसाठी निराळे विमापत्र घ्यावे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे त्यासाठीच आहे. येथे रक्कम जपून धरावी. ४० लाखांच्या मालाचा २० लाखांचाच विमा असेल आणि १० लाखांचे नुकसान झाले, तर प्रमाणशीर कपात होऊन सुमारे ५ लाखच हाती येतात. घराच्या विमापत्रात ही कपात नाही; तथापि विमा रकमेपलीकडे काही मिळत नाही, हे उघड आहे.

विमा हा विश्वासाचा करार आहे. जुन्या घराची भिंत मातीची असेल, तळमजल्यावर ज्वालाग्राही माल असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. लपविलेली गोष्ट हप्ता घेताना कोणी विचारीत नाही, भरपाईच्या वेळी मात्र तीच पुढे येते. आपत्ती घडताच कंपनीस कळवावे, छायाचित्रे काढावी, आग असल्यास अग्निशामक दलाचा व चोरी असल्यास पोलिसांचा दाखला घ्यावा आणि पाहणी होईपर्यंत मोडतोड झालेल्या वस्तू टाकू नयेत. कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीस एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

शेवटी एक गोष्ट. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे. परिमाण करावयाचे म्हणजे आपल्यापाशी काय आहे ते आधी मोजले पाहिजे. ही मोजदाद कागदावर उतरविली की तीच विम्याची यादी होते. दिवाळीस वहीपूजन करताना घरातील कर्त्या स्त्रीपुरुषांनी मिळून ही यादी दरवर्षी नवी करावी, पावत्या जोडाव्या आणि तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी. यादी करताना नको त्या वस्तू किती साठल्या हेही कळून येईल आणि व्रत व व्यवहार या दोन्हींचे साधन एकाच कागदाने होईल.

सर्व बंधुभगिनींस सविनय जय जिनेंद्र.