रुळांचा सांधा

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग भीमा नदी ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवेश करतो. श्रीगोंदे, नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव अशा तालुक्यांतून तो उत्तरेकडे जातो. १८७८ साली हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वीची दोन वर्षे दक्षिणेत भयंकर दुष्काळाची गेली होती. पोटाची खळगी भरण्यासाठी गावे सोडून निघालेल्या स्त्रीपुरुषांनी डोक्यावर पाट्या वाहून या मार्गाचे मातीचे भराव घातले. अशा कष्टाने सिद्ध झालेल्या मार्गावरून गाडी सुरक्षित जावी, यासाठी पुढे अनेक पिढ्यांनी आपली बुद्धी वेचली. त्या बुद्धीचे एक उत्तम उदाहरण म्हणजे रुळांचा सांधा.

कारखान्यातून येणारा रूळ कितीही लांब घडविला, तरी तो मार्गाइतका लांब असणे शक्य नाही. म्हणून रुळामागे रूळ जोडावाच लागतो. भारतातील रुंद मार्गावर दीर्घकाळ वापरला गेलेला रूळ सुमारे १३ मीटर लांबीचा असे. या हिशेबाने एका किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेच्या वर सांधे होतात. दौंड ते मनमाड हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात पस्तीस हजारांहून अधिक सांधे होतील!

हे सांधे एकमेकांना अगदी भिडवून का बसवीत नसत? याचे उत्तर खेड्यातील लोहाराच्या शाळेत मिळते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती प्रथम विस्तवात लाल करतो. तापलेली धाव प्रसरण पावते व चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओतले, की ती आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. रूळही याच नियमाने वागतो. नगरकडील उन्हाळ्यात हवेचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या वेळी उन्हात पडलेला रूळ हवेपेक्षाही पुष्कळ अधिक तापतो. हिवाळ्याच्या पहाटे तोच रूळ गारठून जातो. तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर १३ मीटरचा रूळ सात ते आठ मिलिमीटर लांब होतो. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ अर्ध्या मीटरहून अधिक वाढेल. या वाढीस जागा मिळावी, म्हणून दोन रुळांमध्ये थोडी फट ठेवण्याची पद्धत पडली.

पण फट ठेवली, तर रुळांची टोके वरखाली होऊ नयेत अशी सोयही हवी. १८४७ साली विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज अभियंत्याने त्यासाठी युक्ती काढली. रुळांच्या टोकांना दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून त्या बोल्टांनी आवळावयाच्या, अशी ही योजना होती. या पट्टीला फिशप्लेट म्हणतात. बोल्टांची भोके किंचित मोठी ठेवल्याने रुळांना सरकण्यास वाव मिळे. ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे जगभर चालली. आगगाडीचा ‘खडक्‌-खट्, खडक्‌-खट्’ हा लहान मुलांना प्रिय असलेला ताल या फटींतूनच जन्मला.

मुलांना गोड वाटणारा हा ताल अभियंत्यांना मात्र चिंतेचा वाटे. प्रत्येक चाक फट ओलांडताना पुढील रुळाच्या टोकावर आघात करते. हजारो आघातांनी टोके झिजतात, बोल्ट सैल होतात, भोकांपाशी चिरा पडतात आणि खालची खडी दबून सांधा खचतो. खचलेल्या सांध्यावर पुढचे चाक अधिकच जोराने आदळते. अशा रीतीने एक दोष दुसऱ्या दोषाला जन्म देतो. म्हणून फटच नाहीशी करावी, असा विचार पुढे आला.

या कामी रसायनशास्त्र साहाय्यास धावले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट याने १८९५ साली थर्मिट पद्धतीचे पेटंट घेतले. या पद्धतीत दोन रुळांच्या टोकांभोवती वाळूचा साचा बसवितात व टोके तापवून घेतात. वर एका मुशीत लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण असते. ते पेटविताच ॲल्युमिनियम ऑक्साइडमधील ऑक्सिजन ओढून घेते. प्रचंड उष्णता उत्पन्न होऊन थोड्याच वेळात मुशीत वितळलेले पोलाद तयार होते. हलकी मळी वर तरंगते. जड पोलाद खाली साच्यात उतरून दोन्ही रुळांना एकजीव करते. ते घट्ट झाल्यावर वरचा फुगवटा काढून सांधा घासून गुळगुळीत करतात. कारखान्यात विजेच्या प्रवाहानेही रूळ जोडता येतात.

येथे चतुर विद्यार्थी विचारील, “फटच उरली नाही, तर उन्हाळ्यात रूळ वाढणार कोठे?” त्याने पुन्हा त्या धावेकडेच पाहावे. थंड होणारी धाव आणखी आकसू पाहते. परंतु चाक तिला आकसू देत नाही. तिची ओढ तिच्यातच ताण बनून राहते. लांब जोडलेला रूळही असाच जखडून ठेवतात. पोलादी चिमटे त्याला काँक्रीटच्या स्लीपरांशी धरून ठेवतात व स्लीपरांना भोवतालची खडी धरून ठेवते. त्यामुळे अशा रुळाचा मधला भाग जागचा हलत नाही. केवळ दोन्ही टोकांकडील सुमारे शंभर शंभर मीटरचा भाग सरकतो व त्यासाठी तेथे विशेष प्रकारचे प्रसरण सांधे बसवितात. रूळ फार तापलेला किंवा फार गारठलेला असताना तो जखडत नाहीत. मध्यम तापमान साधून तो पक्का करतात. त्यामुळे उन्हाळ्यातील दाब आणि हिवाळ्यातील ताण, दोन्ही मर्यादेत राहतात.

तरीही हा जोर सामान्य नव्हे. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे तापमान जखडल्यानंतर २५ अंशांनी बदलले, तर त्यात ४५ टनांहून अधिक वजनाइतका जोर साठतो. कडेची खडी कमी झाली, तर उन्हाळ्याच्या दुपारी हा जोर रुळाला बाजूस वाकवू शकतो. हिवाळ्याच्या रात्री एखादा कच्चा जोड ताणाने तुटू शकतो. यास्तव रेल्वेचे कामगार भर दुपारी आणि थंडीच्या रात्री मार्गावरून पायी गस्त घालतात. ध्वनिलहरींच्या यंत्राने रुळाच्या पोटातील अदृश्य चिराही शोधल्या जातात. हातोडा घेऊन मार्ग तपासीत जाणारा की-मन गाडीतील प्रवाशांना क्वचितच दिसतो. परंतु त्यांची निश्चिंत झोप त्याच्या जागरूकतेवर अवलंबून असते.

लोहमार्गालगतची खडी म्हणजे कोणीही उचलून न्यावी अशी बेवारशी वस्तू नव्हे. तिच्यातील प्रत्येक दगड त्या प्रचंड जोराला आवरण्याच्या कामात गुंतलेला असतो. खेळाच्या भरात तेथील खडी विस्कटणारा किंवा चिमट्यांना हात लावणारा मुलगा नकळत शेकडो जीव संकटात घालतो. शास्त्राने सांधा बळकट केला. त्याची राखण करणे हे मात्र रेल्वेचे सेवक आणि मार्गालगतचे नागरिक या दोघांचेही कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. दोन रुळांमध्ये फट का ठेवीत असत? त्या फटीमुळे कोणते दोष उत्पन्न होत?
२. बैलगाडीची धाव आणि जखडलेला रूळ यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. थर्मिट पद्धतीने रूळ कसे जोडतात, ते क्रमाने सांगा.
४. ‘लोहमार्गाची खडी’ या विषयावर दहा ओळी लिहा.