अग्निशमन दलाचा महिना : सुरतच्या निमित्ताने

एखाद्या शहराचे अग्निशमन दल किती मोठे, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा बंबांच्या संख्येत मिळते. नवा बंब आला की त्याला हार घालतात, नारळ फोडतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्या बंबावर रात्री तीन वाजता किती माणसे बसतील, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर काढण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही; गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. उदाहरणादाखल सुरत शहर घेतले आहे.

सुरतच का? एक तर हे शहर आपल्याला परके नाही. १९६० पर्यंत ते मुंबई राज्यातच होते आणि आजही लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर व कापड गिरण्यांत काम करतात. दुसरे असे की, आग आणि पाणी या दोन्ही संकटांची या शहराइतकी ओळख फार थोड्या शहरांना असेल. २४ एप्रिल १८३७ रोजी लागलेल्या आगीत सुरतेची नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. पुढे १९६८ चा पूर आणि उकाई धरण झाल्यानंतरही ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला तो पूर, हे प्रसंग जुन्या सुरतकरांच्या बोलण्यात आजही येतात. त्यात भर कृत्रिम धाग्याच्या कापडाची. असे कापड नुसते जळत नाही. ते वितळते, ठिबकते आणि दाट काळा धूर सोडते. ज्या शहराची संपत्ती अशा कापडाच्या गठ्ठ्यांत आहे, त्याचे अग्निशमन दल हा केवळ नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील एक आकडा राहत नाही.

सुरतेत १९६६ साली महानगरपालिका झाली आणि अग्निशमन ही तिचीच जबाबदारी आहे. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला प्रांतिक महानगरपालिकांचा कायदा सुरतेला लागू झाला, तोच पुण्यालाही लागू होता. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा हा विषय नागरी संस्थांकडे सोपविण्याच्या विषयांत आहे. मजुरा गेट, मान दरवाजा, डुंभाल, कतारगाम, कापोद्रा, अडाजण, भेस्तान अशी दलाची केंद्रे शहरभर पसरलेली आहेत. आपण ज्याला बंब म्हणतो त्याला तेथे ‘लायबंबो’ म्हणतात आणि जवानांना गुजराती वर्तमानपत्रे अजून ‘लाश्कर’ म्हणतात. आग मोठी असली की ‘ब्रिगेड कॉल’ जाहीर होतो, म्हणजे एका केंद्रापुरते काम न राहता साऱ्या दलाला हाक जाते.

आता महिन्याकडे वळू. दर महिन्याच्या अखेरीस प्रत्येक केंद्र आपल्या नोंदवहीवरून गोषवारा काढते : वर्द्या किती आल्या, त्यांपैकी आगीच्या किती, सुटकेच्या किती, खोट्या किती. सर्वसामान्य माणसाची समजूत अशी की, अग्निशमन दल म्हणजे आग. वस्तुतः वर्षभराचा क्रम पाहिला तर आगीशी संबंध नसलेली कामेच डोळ्यांत भरतात. जानेवारीत उत्तरायणाच्या सुमारास मांज्यात अडकलेले पक्षी झाडांवरून व तारांवरून सोडवावे लागतात. उन्हाळ्यात गोदामांच्या व कचऱ्याच्या आगी वाढतात. पावसाळ्यात झाडे पडतात, भिंती कोसळतात, खाड्यांचे पाणी वस्तीत शिरते. गणेशविसर्जनाला, आणि सुरतेत गणेशोत्सव थोडाथोडका नसतो, तलावांवर व किनाऱ्यावर माणसे उभी ठेवावी लागतात. दिवाळीत फटाक्यांमुळे एकाच रात्री कितीतरी ठिकाणांहून वर्द्या येतात.

याखेरीज ज्यांचा महिना ठरलेला नसतो अशा घटना असतात. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरून सहा कामगार मेले. ६ जुलै २०२४ रोजी त्याच बाजूच्या पाली गावात अनेक मजली इमारत कोसळून सात जण दगावले. दोन्ही ठिकाणी पाण्याच्या माऱ्याचा उपयोग नव्हता. एका ठिकाणी श्वसन उपकरण लावून वावरणारी माणसे हवी होती, दुसऱ्या ठिकाणी रात्रभर ढिगारा उपसणारी. नुसत्या वर्द्यांच्या बेरजेत मांज्यातले कबुतर आणि कोसळलेली इमारत यांची किंमत सारखीच, प्रत्येकी एक. म्हणून वर्द्यांचा आकडा वाढला की काम वाढले आणि घटला की दलाला विश्रांती मिळाली, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

मग मोजावयाचे काय? माझ्या मते ‘जागा’ मोजाव्यात. जागा म्हणजे बंबावरील बसण्याची जागा. एका बंबावर साधारणपणे सहा माणसे धरू : एक प्रमुख, एक चालक, चार जवान. ही सहा माणसे अहोरात्र, वर्षाचे ३६५ दिवस हजर हवीत. आठ तासांची पाळी धरली तर एका जागेसाठी वर्षाला ३६५ × ३, म्हणजे १०९५ पाळ्या भरल्या पाहिजेत. एक माणूस वर्षाला किती पाळ्या भरील? आठवड्याची सुट्टी वजा जाता ३१३. त्यातून हक्काची रजा, सणांच्या सुट्ट्या, आजारपण व प्रशिक्षण यांसाठी ६० दिवस काढले तर उरतात २५३. आता १०९५ ला २५३ ने भागले की ४.३३ येतात. म्हणजे एक जागा सतत भरलेली ठेवण्यास सव्वाचार माणसांहून थोडी अधिक लागतात आणि सहा जागांच्या एका बंबास २६. हिशेबाच्या वर्गात बसलेल्या कोणाही विद्यार्थ्याला जमेल असे हे गणित आहे. पण ‘एक बंब, सहा माणसे’ एवढ्यावरच पुष्कळांचा विचार थांबतो. (काही दलांत २४ तास काम व २४ तास सुट्टी अशी पद्धत असते. तेथे माणसे कमी लागतात खरी, परंतु आठवड्याचे ८४ तास होतात. त्याला काटकसर म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.)

हेच गणित सुरतेला लावून पाहू. पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा मापदंड असा की, तीन लाख वस्तीपर्यंत दर पन्नास हजारांस एक पंपाचा बंब आणि पुढे दर लाखास एक. २०११ च्या जनगणनेत सुरत महानगरपालिकेची लोकसंख्या ४४ लाख ६७ हजारांच्या वर होती. पहिल्या तीन लाखांस सहा आणि उरलेल्या सुमारे ४२ लाखांस ४२, मिळून ४८ बंब. जागा झाल्या २८८. माणसे लागतील सुमारे बाराशे पन्नास. हा आकडा केवळ पंपांच्या बंबांचा आहे. शिडीची वाहने, सुटकेची वाहने, बोटी, नियंत्रण कक्ष व इमारतींची तपासणी करणारे अधिकारी यांत आलेले नाहीत. शिवाय २०२० साली शहराची हद्द सुमारे ३२६ चौरस किलोमीटरवरून ४६१ वर गेली. दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र हा मापदंड लावला तर ४६ केंद्रे हवीत. हद्द एका आदेशाने वाढते. जवान मात्र निवडावा लागतो, शिकवावा लागतो आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली काही वर्षे राबवावा लागतो.

भरती रखडली की काय होते तेही याच गणितात दिसते. २६ पैकी पाच पदे रिकामी आहेत असे समजा. कागदावर ही वीस टक्क्यांहून कमी तूट. परंतु २१ माणसांच्या ५३१३ पाळ्यांना १०९५ ने भागले तर बंबावर सरासरी पाचही माणसे येत नाहीत, ४.८५ येतात. सरासरी म्हणजे कधी पाच, कधी चार. चौघांत एक प्रमुख आणि एक पंपापाशी अडकलेला चालक. उरले दोन. धुरात शिरणाऱ्याने एकट्याने जावयाचे नाही, हा या व्यवसायाचा पहिला धडा. दोघे आत गेले तर बाहेर नळी ओढण्यास, शिडी लावण्यास, आतल्यांना काही झाले तर त्यांच्यामागे जाण्यास कोणी उरत नाही. तेव्हा सहाच्या ठिकाणी चार आले तर काम दोनतृतीयांश होते असे नव्हे. काही कामे मुळी सुरूच करता येत नाहीत.

२४ मे २०१९ ही तारीख महाविद्यालयीन वाचकांपुढे ठेवणे आवश्यक वाटते. त्या दिवशी दुपारी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. सर्वांत वरच्या मजल्यावर बेकायदा बांधकामात शिकवणीचे वर्ग चालत होते. जिना आगीने व धुराने बंद झाला आणि मुलामुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. बावीस विद्यार्थी मरण पावले. ती दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. पुरेशा उंचीची शिडी वेळेवर उभी राहिली नाही, झेलण्यास जाळी नव्हती, अशी टीका दलावर झाली. टीका होणे स्वाभाविकच होते. पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. एक, ते वर्ग तेथे चालू राहू शकले हे तपासणीचे अपयश. ते आगीच्या फार आधी घडून गेले होते. तपासणी हेही माणसांचेच काम आहे, आणि माणसे अपुरी असली की पहिली काट तपासणीवर पडते, कारण न झालेल्या तपासणीची घंटा वाजत नाही. दोन, शिडीचे वाहन असणे आणि ते उभारता येणे यांत अंतर आहे. उंच शिडी चालवणारा प्रशिक्षित माणूस त्या पाळीला, त्या केंद्रात हजर नसेल तर ते वाहन गावात असून नसल्यासारखेच. गुजरातचा अग्निप्रतिबंधक व जीवसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. कायदा होता, इमारत होती, आणि मध्ये जी माणसे हवीत त्यांची मोजणी झाल्याचे दिसत नाही.

कापडबाजारांच्या आगी वेगळ्याच जातीच्या. २१ जानेवारी २०२० रोजी रघुवीर मार्केटची दहा मजली इमारत पेटली. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी रिंग रोडवरील शिवशक्ती मार्केटच्या तळघरात आग लागली, एकाचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भडकलेली आग चोवीस तासांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि शेकडो दुकाने गेली. अशा वेळी पाण्याइतकीच टंचाई ताज्या दमाच्या माणसांची पडते. श्वसन उपकरणाची एक टाकी अर्धा तास पुरते असे धरू. एका नळीवर दोघे, तर चोवीस तासांत ४८ फेऱ्या, म्हणजे ९६ वेळा कोणी ना कोणी आत गेले पाहिजे. गठ्ठ्यांतून येणाऱ्या उष्णतेत एका माणसाने तीनदा आत जाणे पुष्कळ झाले. तेव्हा एका नळीसाठी ३२ माणसे. अशा नळ्या इमारतीच्या चारी बाजूंनी लागतात आणि त्याच वेळी उरलेल्या शहराची केंद्रेही ओस ठेवता येत नाहीत.

येथे महापालिकेच्या दलाची एक मूळ अडचण ध्यानात येते. असे दल म्हणजे एक बेटच. या अंकाच्या कानडी विभागातील वाचकांना हे थोडे नवल वाटेल, कारण कर्नाटकात १९६४ च्या कायद्याने अग्निशमन हे राज्याचे खाते झाले. एका जिल्ह्यातील जवान दुसऱ्या जिल्ह्यात पाठविणे हा खात्याअंतर्गत हुकमाचा प्रश्न असतो. गुजरातेत व महाराष्ट्रात शहराचे दल शहराचे. मोठ्या आगीत शेजारच्या नगरपालिका आणि हजिऱ्याच्या कारखान्यांची पथके मदतीस येऊ शकतात. पण कारखान्यांनाही आपले घर सांभाळावयाचे असते. २४ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ओ.एन.जी.सी.च्या हजिरा प्रकल्पातच स्फोट होऊन आग लागली होती. पुरात तर बेट हा शब्द अलंकारिक राहत नाही. शहर तापीच्या दोन्ही काठांवर आहे. पूल बंद झाले की अडाजण-रांदेरचा काठ वेगळा आणि जुन्या शहराचा वेगळा. ज्या काठावर जितकी माणसे त्या क्षणी कामावर असतील तेवढ्यांवरच निभावून न्यावे लागते. पाळी बदलण्यास येणारा माणूस पलीकडे अडकलेला असतो, आणि कदाचित त्याच्याही घरात पाणी शिरलेले असते.

राज्याचे खाते चांगले की शहराचे, या वादात मी शिरत नाही. दोहोंचे गुणदोष आहेत. राज्याच्या खात्यात रिकामी पदे राजधानीच्या फायलींत अडकतात, शहराच्या दलात महापालिकेच्या तिजोरीत. गणित मात्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

तेव्हा मासिक गोषवाऱ्यात वर्द्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत असे सुचवावेसे वाटते. महिन्यातील एकूण पाळ्यांपैकी किती पाळ्यांना बंब पुऱ्या सहा माणसांनिशी सुटू शकत होता. घंटा वाजल्यापासून चाक हलेपर्यंत आणि चाक हलल्यापासून जागेवर पोचेपर्यंत किती मिनिटे गेली, हे वेगवेगळे. आणि किती इमारतींची तपासणी ठरली होती व किती झाली. पहिला वेळ माणसांवर अवलंबून असतो, दुसरा रस्त्यांवर. दोहोंची बेरीज एकत्र दिली की दोष कोणाचा हे कळत नाही. हजेरीपट आणि वर्दीची नोंदवही ही दोन्ही पुस्तके प्रत्येक केंद्रात असतातच. त्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम तेवढे उरते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असल्यास आपल्या गावच्या केंद्राची रीतसर परवानगी काढून त्यांनी एका महिन्याचा हा हिशेब मांडून पाहावा. सुरुवात रात्रपाळीपासून करावी.