आता आपण काय करायचं? : साहसांची साखळी आणि आपला वर्ग



गोष्ट सांगताना मुलं "बाई, पुढे काय झालं?" विचारतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं. पण "बाई, आता आपण काय करायचं?" असं कुणी विचारतं का?

१९७४ साली अमेरिकेत आलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ याच प्रश्नावर चालतो. एक जण प्रसंग सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होऊन काय करणार ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात.

१९७८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी या खेळासाठी एकमेकांना जोडलेली साहसं लिहिली. पहिली पुस्तिका अवघी आठ पानांची! डोंगरातले महाकाय राक्षस माणसांच्या वस्त्यांवर हल्ले करतायत, त्यांना रोखायचं. पण यांना एकत्र कोण आणतंय? तो माग काढत खेळाडू आधी बर्फातल्या, मग आगीतल्या राक्षसांपर्यंत जातात. तिथे कळतं, सूत्रं जमिनीखालच्या ड्रो नावाच्या जमातीकडे आहेत. पुढच्या तीन पुस्तिका त्या पाताळातल्या. १९८० मध्ये शेवटची आली, ती कोळ्यांची राणी लोल्थ हिच्यापर्यंत नेणारी. बघा, साखळी एका प्रश्नाची आहे. उत्तर शोधायचं कसं, लढून की लपून, ते खेळाडूंनी ठरवायचं.

गुलामांच्या व्यापाऱ्यांवरची चार भागांची मालिका मात्र वेगळी. चौथ्या भागात (१९८१) खेळाडू कैदेत असतात, जवळ शस्त्र नाही, सामान नाही. बिकट प्रसंग, खरं तर मस्तच! पण तिथे पोहोचायचं म्हणून तिसऱ्याच्या शेवटी त्यांना पकडावंच लागतं, कितीही हुशारीने खेळले तरी. हे मला पटत नाही.

पटत नाही म्हणते खरी, पण मीही तेच केलंय. 'आपलं पाणी गढूळ का?' हा चार दिवसांचा पाठ चौथीला घेतला होता. चौथ्या दिवशी नाल्यापाशी पोहोचायचं, हे माझं आधीच ठरलेलं. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "आधी टाकी बघूया ना." मी म्हटलं, "ते नंतर." पुढचे दोन दिवस ती काहीच बोलली नाही.

नंतर टाकी पाहिली. झाकण फुटलेलं होतं.

यंदा तोच पाठ पुन्हा घेतेय. टाचणात चौथ्या दिवसाची जागा कोरी ठेवली आहे.